धाप लागलेली एमजीबी

फिश हिलला घाट म्हणणं म्हणजे खंबाटकीचा अपमान आहे. ब्रॉडवे नावाचं एक गुळगुळीत, पर्यटकांनी भरलेलं गाव आहे. त्यातून बाहेर पडलं की एक चढ लागतो, दोन-चार वळणं येतात आणि संपतो. आपली लाल परी तो डुलक्या काढत चढली असती. माझी १९६९ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार मात्र बरोबर मध्यावर धापा टाकायची. आधी हुंदका, मग आचका, मग शांतता. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा सुरू.

ही गाडी घेताना मी घरात एकच मुद्दा मांडला होता. इथे इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स पडत नाही. ‘तेवढेच पैसे वाचतील,’ असं मी म्हणालो होतो. प्राजक्ता हे वाक्य अजून वापरते, बहुधा मी कुठल्यातरी पार्टचं पार्सल उघडत असतो तेव्हा.

धापेचं निदान मी स्वतःच केलं. धाप लागते म्हणजे श्वास पुरत नाही. गाडीत श्वास घेतो कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा भाग. इंजिन अठराशे सीसीचं, कार्बोरेटर दोन असले तरी दीड-दीड इंचांचे. म्हणजे पैलवानाला तान्ह्या बाळाच्या नाकपुड्या. मोठा कार्बोरेटर बसवायला हवा, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्या रविवारी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी तीस वर्षं चेतक चालवली.

‘पेट्रोल येतंय का ते बघितलंस?’

‘बाबा, ते सगळं बघितलंय,’ मी म्हणालो. काहीही बघितलं नव्हतं.

‘मग थोडी आडवी कर.’

नऊशे किलोंची गाडी आडवी करता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. ‘मग कसली गाडी,’ असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

आता त्या मूळच्या कार्बोरेटरांबद्दल सांगायला हवं, कारण मी त्यांच्यावर अन्याय केला. ते एसयू. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन, आणि हे स्किनर बुटांच्या व्यापारातल्या घराण्यातले. त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता असायचा. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला, पण डोकं तेच राहिलं. इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढा दट्ट्या वर उचलला जातो. त्याला खाली एक निमुळती सुई लटकलेली असते. ती जेट नावाच्या बारीक भोकातून जेवढी वर सरकेल तेवढं पेट्रोल जास्त. दट्ट्याने एकदम उडी मारू नये म्हणून वरून थोडं तेल. बास. माझी आजी आमटीत मीठ असंच घालायची. पाणी बघून, पानावरची माणसं बघून, चमच्याला हातही न लावता. किती घातलंस, असं विचारलं तर ‘लागेल तेवढं’ हे उत्तर.

आणि मी काय आणलं? वेबर ४५ डीसीओई. इटलीतल्या बोलोन्याचा, सेकंडहँड, तीनशे पौंडांना. एका अंगात दोन नळ्या, तोंडाला चकचकीत कर्णे. दिसायला असा देखणा, की मी तो दोन दिवस जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. पण याच्याबरोबर आकडे येतात. छत्तीसचा चोक, दीडशेचा मेन जेट, पावणेदोनशेचा एअर जेट, एफ १६ नावाची इमल्शन ट्यूब. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. दीडशे म्हणजे दीड मिलिमीटर. हे आजीचं मीठ नव्हे, हा औषधाचा डोस आहे, आणि डॉक्टर आपणच.

बसवायला एक शनिवार लागेल, असं मी जाहीर केलं. कुठल्या महिन्यातला ते सांगितलं नाही. पहिला नट अर्धा इंची. माझ्याकडे पुण्याहून आणलेला बारा-तेराचा पाना. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणजे तेराचा जवळजवळ बसतो. या ‘जवळजवळ’ने नटाच्या सहाही कडा गोल केल्या. इंग्रज गेले, पण जाताना इंच मात्र बरोबर घेऊन गेले, हे मला तिथे गाडीखाली नीट कळलं.

दुसरी चूक संस्कारांची. आमच्याकडे नट आवळायचा म्हणजे कचकचून आवळायचा. वेबर मात्र रबरी रिंगांवर, दुहेरी स्प्रिंगच्या वॉशरांवर किंचित हलता ठेवायचा असतो, साधारण एक मिलिमीटर मोकळीक देऊन. नाहीतर इंजिनाच्या थरथरीने फ्लोटच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलला फेस येतो. मी असा आवळला होता की ताक घुसळल्यासारखा फेस आला.

तिसरी अडचण माझी नव्हती, हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाची होती. एमजीबीच्या हेडमध्ये सिलिंडर चार, पण पेट्रोल आत जायची दारं दोनच. चाळीतल्या सामाईक नळासारखं: एक आणि दोन या नळावर, तीन आणि चार त्या नळावर. फायरिंगचा क्रम १-३-४-२. म्हणजे तिसऱ्याची बादली उतरते न उतरते तोच चौथा नळाशी हजर, आणि दुसऱ्यामागे तसाच पहिला. अशा चाळीत इटालियन शॉवर बसवून नेमकं कोण किती भिजणार होतं?

शेवटी गाडी सुरू झाली. आवाज असा, की शेजारच्या आजोबांनी खिडकीतून अंगठा दाखवला. जोरात दाबली की वाघ. हळूच दाबली की मध्येच एक खड्डा, ‘अं...’ असं म्हणून विचारात पडायची. यात वेबरचा काही दोष नाही. जेट मी निवडले होते. तीन आठवड्यांत सहा जेट बदलले. प्लग काढून रंग बघायचा, काजळी असली तर पेट्रोल जास्त, पांढरट असला तर कमी, बिस्किटी असला तर देव पावला. प्राजक्ता चहाबरोबर बिस्किटं द्यायची तेव्हा मी ती नकळत उजेडात धरायचो.

आणि फिश हिल? आता मध्यापर्यंतही पोचेना.

गणपतीत महाराष्ट्र मंडळाकडे निघालो होतो. मी कुर्त्यात, पायात कोल्हापुरी, प्राजक्ताच्या मांडीवर एकवीस मोदकांचा डबा. अर्ध्या वाटेवर गाडी बंद. सपाट रस्त्यावर. ले-बायमध्ये, म्हणजे रस्त्याकडेला थांबायच्या जागेत ढकलली, चावी फिरवली आणि ऐकत राहिलो. या गाडीत चावी फिरवली की मागून पेट्रोलच्या पंपाची टिकटिक येते. फ्लोटच्या वाट्या भरल्या की थांबते. गेले कित्येक महिने ती टिकटिक रेंगाळत यायची, आणि मी ती वयोमानानुसार समजत होतो. आज तीही नव्हती.

पंप मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या पोटाखाली. पन्नास वर्षांत आतले विजेचे पॉइंट झिजून चिकटतात. त्याला ठोका द्यायचा असतो, आणि हातोडी घरी होती. मी कुर्त्यासकट खडीवर आडवा झालो, उजव्या पायातली कोल्हापुरी काढली आणि टाचेने एक सणसणीत ठेवून दिली.

टिकटिकटिकटिक.

‘म्हणजे कार्बोरेटर चांगलाच होता?’ प्राजक्ताने वरून विचारलं.

मी खालीच थोडा वेळ पडून राहिलो.

बाबांना सांगायला लागलं. ‘मी पहिलंच विचारलं होतं,’ असं ते म्हणाले नाहीत. नुसते हसले, आणि आईला हाक मारून तिलाही हसवलं.

नवा पंप बसला. एसयू परत बसले, या वेळी अर्ध्या इंचाच्या पान्याने. फिश हिल गाडी तिसऱ्या गियरमध्ये चढते. वेबर बैठकीच्या खोलीत नटराजाशेजारी आहे. पाहुणे त्याला शिल्प समजतात. उजव्या पायातली कोल्हापुरी डिकीत असते, जॅकला लागून. डाव्या पायातली टाकून देऊ का, असं प्राजक्ताने परवा विचारलं.

म्हटलं, राहू दे. स्पेअर आहे.