भाता कुणाचा?

काल रात्री साडेअकराला आईनं आतल्या खोलीतनं हाक मारली, “आगं, बेलोज म्हंजे काय?”

मी झोपेतच सांगितलं, “लोहाराचा भाता.”

“मग तसं म्हण की! हे काय, कपाटाच्या मागं उभा करून ठेवलाय.” माउसची टिचकी ऐकू आली. आणि पाठोपाठ तिचा नेहमीचा प्रश्न, “पण बंगल्यात भाता कशाला आणला असंल गं कुणी?”

या एका प्रश्नावर मला आज सविस्तर लिहायचंय. परवा आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आई लॅपटॉपवर खेळते त्या वस्तू शोधायच्या गेमांचा विषय निघाला आणि दोन मिनिटांत निकालही लागला. ‘रिकामटेकड्या बायकांचा टाइमपास’ हे एक मत आणि ‘एक खेळला की सगळे खेळल्यासारखे’ हे दुसरं. पहिलं मला अजिबात मान्य नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण दुखणं वेगळंच आहे आणि बोट भलतीकडं ठेवलंय.

ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समोर अडगळीनं भरलेलं एक चित्र असतं आणि खाली वस्तूंची यादी. वस्तू दिसली, टिचकी मारली की यादीतनं नाव जातं. सगळ्या सापडल्या की एखादी किल्ली किंवा फाटलेलं पान हाती राहतं आणि त्यानं पुढचं दार उघडतं. मधेमधे कोडी असतात. या सगळ्यावर एका रहस्याची गोष्ट पांघरलेली असते: कुणीतरी बेपत्ता आहे, एखाद्या जुन्या घरात काहीतरी विपरीत घडलंय. अडलं तर हिंटचं बटण आहे, पण एकदा वापरलं की ते परत भरेपर्यंत थांबावं लागतं. आणि उगाच सगळीकडं टिचक्या मारत सुटलं की शिक्षा होते, म्हणजे वेळ कापला जातो किंवा कर्सर थोडा वेळ गोठतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी 2012-13 च्या सुमारास इथं फेसबुकवरच ‘क्रिमिनल केस’ खेळलेला असणार, त्याच जातीचे हे गेम.

आमच्या घरात ते आले ऑगस्ट 2019 मध्ये. कोल्हापूरच्या महापुराचे दिवस. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं. पुण्याकडचा महामार्ग बंद, नळाला पाणी नाही, टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची. आमचं घर मंगळवार पेठेत, तिथवर पाणी आलं नाही. चिखलीची माझी आत्या मात्र बोटीतनं बाहेर निघाली आणि नेसत्या लुगड्यानिशी आमच्याकडं आली. पहिले दोन दिवस ती भिंतीकडं तोंड करून बसून होती. जेवायची नाही, बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी लाइट आली तेव्हा मी लॅपटॉप उघडून तिच्या आणि आईच्या मधे ठेवला. आधी कधीतरी उतरवून घेतलेला ‘मिस्टरी केस फाइल्स : रेव्हनहर्स्ट’ त्यात होता. सिएटलच्या बिग फिश गेम्सचा 2006 चा गेम. त्याच मालिकेतला ‘हंट्सव्हिल’ त्याच्या आदल्या वर्षीचा.

त्यात एमा नावाची एक मुलगी आहे. चार्ल्स डॅलिमर नावाचा माणूस तिला लग्नाची मागणी घालतो, ती नकार देते आणि तो नकार त्याला पचत नाही. आपण तिच्या डायरीची पानं गोळा करत करत ही हकीकत वाचत जातो. मी पानं मराठीत सांगायचे, आई वस्तू शोधायची, आत्या नुसती ऐकायची. नकाराचं पान आलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा आत्या आपणहून बोलली. “न्हाई म्हटली न्हवं तिनं? मग संपलं की! परत परत काय इचारतोय त्यो?” आणि खुर्ची पुढं ओढली. त्या रात्री ती भाकरी मागून जेवली.

म्हणून ‘टाइमपास’ हा शब्द मला लागतो. वेळ घालवणं एवढंच असतं तर टीव्ही होताच की समोर. त्यावर पुराच्याच बातम्या चालल्या होत्या.

आता दुसऱ्या मताकडं येते. सगळे गेम सारखेच वाटतात, हे खरं आहे. धुकं, बंगला, बाहुल्या, वेड लागलेला सरदार, बेपत्ता पोरगी. पण गोष्टी सारख्या असण्याबद्दल माझी तक्रारच नाही. आपण दरवर्षी तीच कहाणी त्याच भक्तीनं ऐकतो आणि कंटाळत नाही. माझी तक्रार ढिगाबद्दल आहे. स्वयंपाकघराचं चित्र आहे आणि त्यात व्हायोलिन, घोड्याचा नाल, केळं, बुद्धिबळातला उंट, होकायंत्र, सगळं एकावर एक रचलंय. व्हायोलिन पडद्याच्या चुण्यांत मिसळून टाकलंय, केळं दिव्याच्या दांड्याला चिकटवलंय. यातल्या एकाही वस्तूला त्या घरात कुणी हात लावलेला नाही. चित्रकारानं आपल्याला चकवायला ठेवलेल्या या वस्तू. त्या सापडल्या तरी ‘सापडलं’ असं वाटत नाही, नुसता डोळा शिणतो. ‘एक खेळला की सगळे खेळल्यासारखे’ वाटतं ते या ढिगापायी.

शोधणं म्हणजे काय, हे मी आत्याकडून शिकले.

पाणी उतरल्यावर आम्ही चिखलीला गेलो. मागची भिंत पडलेली, आत गुडघाभर गाळ. भांडी, कपडे, पोरांची दप्तरं, देवघर, सगळ्याला एकच रंग. मी आणि आतेभाऊ फावड्यानं दिसेल ते उपसत होतो. आत्या उंबऱ्यावर उभी राहिली, आत आलीच नाही. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “फडताळ ह्या अंगाला पडलंय. म्हंजे डबं तिकडं गेलं. डब्याच्या मागं माझी चंची हुती, ती हलकी, ती पाण्यावर गेली असंल. पर अडकित्ता जड हाय. त्यो हितंच बसला असंल.” आणि चुलीच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. आतेभावानं तिथं हात घातला. तिसऱ्या खेपेला निघाला. पितळी अडकित्ता, तिच्या सासूचा, एका दांडीवर मोराची मान. बादलीत खळबळला, पदरानं पुसला, मग दोनदा उघडून मिटून पात्याचा आवाज ऐकला. “चालतोय,” म्हणाली आणि कमरेला खोचला. त्यानंतर ती घरात शिरली.

तिनं डोळ्यानं काहीच शोधलं नव्हतं. वस्तू कुणाची, कुठं असायची, केवढ्या वजनाची, कुणाच्या शेजारी, एवढं तिला ठाऊक होतं आणि त्यावरनं तिनं जागा काढली. चांगला रहस्याचा गेम मला हेच करायला लावतो. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी कंपनीचा ‘एनिग्मॅटिस : द घोस्ट्स ऑफ मेपल क्रीक’ (2011) मला याचसाठी आवडतो. त्यात सापडलेला पुरावा पिशवीत पडून राहत नाही. तो भिंतीवर लावायचा असतो, कोण, कुठं, कशासाठी याची जुळणी आपण करायची असते. बेपत्ता पोरीची एखादी वस्तू हाताला लागली की ती तिची आहे हे कळतं आणि पोटात कालवतं.

सोपेपणाबद्दलही लोक फार बोलतात. माझा भाचा सोळा वर्षांचा, त्याचं मत, “मावशी, ह्यात हरायला येतच न्हाई, मग मजा काय?” त्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. कोडं सुटलं नाही तर थोड्या वेळानं ते सोडून पुढं जायचं बटण येतं, सोप्या पातळीवर तर कुठं बघायचं तिथं चमचम करून दाखवतात. पण घड्याळ लावलेले गेम मी आईला देऊन बघितलेत. वेळ संपत आला की तिचा हात थरथरतो, चुकीच्या टिचक्या पडतात, मग ती लॅपटॉप मिटते. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तीन महिने ती घरातच होती. त्या तीन महिन्यांत तिला हरवणारं दुसरं बरंच काही होतं. न हरवणारा गेम असणं हा दोष आहे असं मी म्हणणार नाही.

दोष म्हणायचा तर पैसे काढायच्या पद्धतीला म्हणा. पूर्ण किंमत देऊन घेतलेला गेम मला चालतो, तासभर फुकट खेळून बघून मग विकत घ्यायची पद्धत तर उत्तमच. पण मोबाइलवरचे ‘फुकट’ गेम! चार चित्रं झाली की ताकद संपली, थांबा नाहीतर पैसे भरा. आईनं एकदा असा एक गेम घेतला. खुनी कोण हे कळायच्या तोंडावर तिला ताटकळत ठेवलं आणि तिनं ‘होय’ कशाला म्हणतोय हे न कळता बटण दाबलं. 800 रुपये गेले. रक्कम मोठी नाही, पण ती दोन दिवस अपराध्यासारखी वावरत होती आणि त्याचा राग माझ्या मनातनं अजून जात नाही. गोष्टीच्या ओढीला लावलेला हा गळ आहे, आणि तो बहुतेक वेळा वयस्कर माणसांच्या घशात अडकतो.

आता सगळ्यात मनापासूनचं. यादीची भाषा.

आईला आठवीपर्यंतचं इंग्रजी येतं. आणि या गेमांमधल्या वस्तू बघा: थिंबल, ॲन्व्हिल, ट्रॉवेल, सिकल, फनेल, हिंज. ही एकेक वस्तू तिनं हातात धरलेली आहे. अंगुस्तान घालून तिनं गोधड्या शिवल्यात. तिच्या माहेरी परड्यात ऐरण होती. थापी, विळा, नरसाळं, बिजागरी. अहो, या चित्रातल्या अर्ध्या वस्तू माझ्या भाच्यानं जन्मात बघितल्या नाहीत, पण यादी त्याला वाचता येते. जिला वस्तू येते तिला नाव येत नाही, म्हणून ती अडाणी ठरते. यादीत शब्दांऐवजी वस्तूंच्या सावल्या दिल्या की आई माझ्या दुप्पट वेगानं शोधते, हे मी स्वतः बघितलंय. त्यातनं इंग्रजी शब्दांचे घोळ वेगळेच. यादीत ‘बो’ म्हणजे धनुष्य, का रिबिनीची गाठ, का व्हायोलिनचा गज? ‘बॅट’ म्हटल्यावर आई क्रिकेटची बॅट शोधत बसली आणि वटवाघूळ झुंबराला लटकलेलं होतं. आपल्याकडं हा घोळ होणारच नाही, कारण आपल्याकडं त्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे.

मराठीत असा एक तरी नीट केलेला गेम हवा, आणि तो नुसता भाषांतर केलेला नको. कोल्हापुरात बसून मला तो डोळ्यासमोर दिसतो. बंगला नको, गुऱ्हाळ घ्या. हंगामाचे दिवस, रात्रीची वेळ, काहिलीत रस उकळतोय, चुलवाणात चिपाडं पेटलेली आणि गूळ करणारा गुळव्या जागेवर नाही. कुठं गेला? चपला दारात आहेत, अर्धा चहा कपात आहे. घड्याळ लावायची गरजच नाही, पाक लागायच्या आत त्याला शोधायचं. तिथली प्रत्येक वस्तू कुणाची तरी आहे: मळी काढायचा झारा, रसात घालायच्या भेंडीची पेंडी, गूळ भरायचे साचे, भिंतीवर कोळशानं मांडलेला हिशेब. ज्यानं गुऱ्हाळ बघितलंय त्याला यातली एखादी वस्तू जागा सोडून पडलेली लगेच खटकेल, आणि ते खटकणं म्हणजेच पुरावा. केळं आणि व्हायोलिन कोंबायची गरज पडणार नाही. कुणी गेम बनवणारी पोरं हे वाचत असतील तर ही कल्पना घ्या, मला काही नको, फक्त यादी मराठीत ठेवा.

तोपर्यंत आईनं स्वतःची सोय केलीये. ऑपरेशननंतरच्या त्या महिन्यांत तिनं एक दोनशे पानी वही घातली. पहिल्या रकान्यात इंग्रजी शब्द देवनागरीत, दुसऱ्यात मराठी आणि तिसरा रकाना तिनं आपल्या मनानं पाडलाय, ‘कुणाचं’. थिंबल, अंगुस्तान, शिंप्याचं. ट्रॉवेल, थापी, गवंड्याची. काल रात्री 112 वा शब्द चढला: बेलोज, भाता, लोहाराचा. आणि तिसऱ्या रकान्यात पुढं पेन्सिलीनं, ‘बंगल्यात कसा?’

कुणाच्या घरी अशी आई, सासू, आत्या हे गेम खेळत असेल तर सांगा, वहीच्या पानांचे फोटो पाठवते. आणि एक शब्द अडलाय, मदत करा. ‘गॉब्लेट’. मी पेला सांगितलं, तिला पटत नाही. तिचं म्हणणं, पेल्याला खाली दांडी नसते. चषक म्हटलं तर म्हणते, तो पुस्तकातला शब्द, असा कुणी बोलत नाही. तीन दिवस तो रकाना मोकळा आहे.