हिरवा ठिपका चाचणीबद्दल काहीच सांगत नाही

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लिपस्टिकवर हिरवा ठिपका असला की प्राण्यांवर चाचणी झालेली नाही, डोळे झाकून घ्या.’ चूक. ठिपका फक्त घटक शाकाहारी आहेत एवढंच सांगतो.

चाचणीसाठी सशाचा शिक्का बघायचा, पण तोही नीट. ‘लीपिंग बनी’ या प्रमाणपत्राच्या शिक्क्यावर उडी मारणारा ससा असतो, त्यासाठी कंपनीला कच्चा माल पुरवणाऱ्यांचीही हमी द्यावी लागते, बाहेरच्या तपासणीला तयार राहावं लागतं. ‘पेटा’ या प्राणिहक्क संस्थेचा शिक्का मुख्यतः लेखी हमीवर मिळतो. नवी पेठेत खोक्यावर नुसताच गोंडस ससा दिसला तर भुलू नका. चित्र काय, कुणीही छापतं! संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत ब्रँडचं नाव शोधा.

उलट बाजूही आहे. सशाचा शिक्का असलेली लिपस्टिक शाकाहारी असेलच असं नाही. खोक्यामागे बारीक अक्षरांत ‘कार्माइन’ किंवा ‘सीआय ७५४७०’ दिसलं, तर तो लाल रंग किड्यांपासून काढलेला असतो.

आणि भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ पासून बंदी आहे. तशा मालाच्या आयातीवरही. तेव्हा ‘आम्ही भारतात प्राण्यांवर चाचणी करत नाही’ ही जाहिरात म्हणजे नुसतं कायदा पाळल्याचं कौतुक.