एकवर की दोनवर?

फेब्रुवारीतला हवामानाचा अंदाज वाचला की वाटतं, मुंबईकरांसारखे सुखी आपणच. आकाश निरभ्र. कमाल ३१, किमान १७. उद्या तेच, परवाही तेच. पावसाळ्यात पिवळे-नारिंगी इशारे देणारं हवामान खातं या दिवसांत जणू सुट्टीवरच असतं.

पण मधल्या चौदा अंशांचं काय? ते आमच्या घरात पंख्याच्या रेग्युलेटरवर निस्तरावे लागतात.

रात्री अकराला भिंती दिवसभराचं ऊन ओकत असतात. पंखा चारवर. दीडच्या सुमाराला शेजारून आवाज येतो, "अहो, दोनवर करा ना." मी उठतो. अडीचला आतल्या खोलीतून आई, "अरे, बंद कर तो पंखा, हाडं गोठतील!" मी पुन्हा उठतो. पंखा थांबला रे थांबला की डास हजर. ही खबर त्यांना कोण पोचवतं, देव जाणे. मग एकवर. एकवर आमचा पंखा इतका संथ फिरतो की पाती मोजता येतात. त्याने डास जात नाहीत, उलट त्यांना जरा वारा लागतो. दोनवर आईला शिंका. एक आणि दोनच्या मध्ये बटण अडवून पाहिलं, तर पंखा सरळ बंदच पडतो. दीड नावाचा आकडा या रेग्युलेटरवर नाही, आणि मुंबईच्या फेब्रुवारीला नेमका तोच हवा असतो.

त्यातून मुंबईला तापमानं दोन. कुलाब्याचं वेगळं, सांताक्रूझचं वेगळं. कुलाबा समुद्राला बिलगलेलं, तिथे पहाटेही पारा फारसा उतरत नाही. सांताक्रूझ थंडीत दोन-चार अंशांनी खाली. आम्ही बोरिवलीला, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत, म्हणजे आणखी गार. गिरगावातली बहीण फोनवर विचारते, "थंडी? कुठे आहे थंडी?" की आई लगेच बासष्ट साल काढते. २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद आहे, हे खरंच. पण आई ते अशा थाटात सांगते की मोजायला तीच गेली होती.

सकाळी स्वेटर घालून निघावं, तर खाली वॉचमन माकडटोपीत गुरफटलेला. तेवढाच धीर येतो. लोकलच्या दारातला वारा कानात शिरतो, चर्चगेट येईपर्यंत स्वेटर पिशवीत. दुपारी तर विचारूच नका: या दिवसांत जमिनीवरून पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्राचा वारा उशिरा येतो, आणि तोवर फोर्टात शर्ट पाठीला चिकटलेला असतो. संध्याकाळी तोच स्वेटर परतीच्या गर्दीत छातीशी धरून उभं राहायचं. शेजारचे लोक बाळ असल्यासारखी जागा करून देतात, एवढाच त्याचा फायदा.

गोधड्या माळ्यावर टाकू, असं बायकोने सुचवलं. "होळी जळाली, थंडी पळाली. आधी होळी होऊ दे," आईचा निकाल. चिरंजीवांची तऱ्हा निराळी. "बाबा, पाचवर ठेवा आणि गोधडी घ्या की!" म्हणजे वीज जाळून थंडी करायची आणि ती कापसाने अडवायची. आईने नुसतं मीटरकडे बोट दाखवलं.

मग त्यानेच रिमोटच्या पंख्याचं काढलं. सगळ्यांना पटलं, किंमतही चालण्यासारखी होती. रिमोट कुणाच्या उशाशी राहणार, एवढं ठरलं की दुकानात जाणार आहोत.