‘सिस्टर नुसती बोलत बसली’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की भाऊ ओरडत होता, कानात आवाज येतात म्हणत होता, आणि आमची सिस्टर इंजेक्शन द्यायचं सोडून बोट टोचून साखर बघत होती, मग पाऊण तास नुसती बोलत बसली. वर तुम्हालाच बाहेर काढलं. रुग्णालय मी चालवते, म्हणून उत्तर मीच देते. भावाच्या तब्येतीबद्दल मात्र इथे चारचौघांत काही लिहिणार नाही.

आधी साखरेचं. अचानक भास व्हायला लागले म्हणजे आजार मनाचाच, असं नसतं. साखर उतरली, ऑक्सिजन कमी पडला, मेंदूला संसर्ग झाला, रोजची दारू एकदम सुटली, तरी माणूस असाच बरळतो. तिथे घाईने गुंगीचं इंजेक्शन दिलं तर मूळ दुखणं झाकलं जातं.

आणि ते बोलणं म्हणजेच उपचार होता, ताई. सिस्टर दोन हात लांब बसते, दाराची वाट अडवत नाही, तळहात दिसतील असे ठेवते. रुग्णाशी बोलायचं ते तिने एकटीनेच. ‘आवाजबिवाज काही नाही’ म्हणायचं नाही आणि ‘हो, मलाही येतात’ असंही नाही. ‘मला ऐकू येत नाहीत, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय’, एवढंच. अशाने पुष्कळ जण गोळी आपल्या हाताने घेतात. जिवाला धोका असेल आणि दुसरा इलाज नसेल तेव्हा इंजेक्शन देतोच. पण हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या इंजेक्शनने कधी मान वाकडी होते, डोळे वर ओढले जातात. नंतर श्वास, रक्तदाब सारखा बघत राहावा लागतो. चौघांनी दाबून धरलेला माणूस पुढच्या खेपेला दारातच बिथरतो, हे मी रात्रपाळ्यांमध्ये डोळ्यांनी पाहिलंय.

आमचं चुकलं ते बाहेरच्या बाकावर. खोलीत गर्दी नको हे खरं, पण आतला आरडाओरडा ऐकत तुम्ही पाऊण तास बसलात आणि कोणी एक शब्द सांगायला आलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते. शिवाय झोप कधीपासून उडाली, कुठली गोळी सुटली, हे तुम्हालाच ठाऊक होतं आणि ते आम्ही पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवं होतं. आता अशा प्रत्येक वेळी दुसरी सिस्टर नातेवाइकांपाशी थांबेल, असं पाळीच्या वहीत लिहून दिलंय.

जमेल तेव्हा या, जुन्या चिठ्ठ्या घेऊन. सकाळी मी असतेच.