पाण्याचा दिवस

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम ज्यानं कुणी केला, त्यानं माहेर सोलापूरचं आणि महिना मे असेल असं धरलेलं नसावं. मी पुण्याचा. रजा टाकली, संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली आणि रात्री दहाच्या सुमाराला स्टेशनवर उतरलो, तेव्हा वारा असा येत होता की कुणीतरी भट्टीचं दार उघडं टाकून जेवायला गेलंय.

सासुरवाडीत माझा मान मोठा. सोलापुरात 'बे' लागल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सख्ख्या भावाला 'बे' म्हणतात, गल्लीतल्या कुत्र्याला म्हणतात, टीव्हीवरच्या मंत्र्यांना तर म्हणतातच. मला मात्र तीन वर्षांत एकदाही नाही. मला 'जावईबापू, शेंगाचटणी घ्या की अजून.' पाणी हवं म्हणालो तर तांब्या हातात. हा तांब्या कुठून येतो, याचा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या सासुरवाडीच्या भागात पाणी पाच दिवसांनी येतं. तेही उजनीहून, शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून, आणि शक्यतो रात्री.

त्या रात्री अडीचला घरात एकदम पळापळ झाली. मी दचकून उठलो, चपला शोधल्या, दवाखान्याची बॅग उचलली. बाहेर बघतो तर अण्णा बनियनवर, एका हातात पाईप, दुसऱ्या हातात टॉर्च. पाणी आलं होतं. सासूबाई घागरी विसळत होत्या. मी ओशाळून बॅग खाली ठेवली, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "आई, पाणी जायला लागलंय!"

"जाईल कसं?" अण्णा हौदापाशी ओरडले. "आत्ता तर आलंय की!"

"अहो, तिचं!" सासूबाईंच्या हातातली घागर पडली.

पुढची दोन मिनिटं अण्णांच्या चेहऱ्यावर जो पेच होता, तो मी जन्मभर विसरणार नाही. एकीकडं पोटची पोर, दुसरीकडं अर्धा हौद. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी वरची टाकी तेवढी भरून आलोच." आणि खरं सांगायचं तर त्या घरात कुणालाच यात वावगं वाटलं नाही. बायकोनं तर रिक्षात बसता बसता कळ दाबून सांगितलं, "अण्णा, बॅरल राहील बघा."

दवाखान्यातल्या चौदा तासांबद्दल बोलायचा अधिकार मला नाही. मी फक्त कॉरिडॉरमध्ये होतो. तिथं 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी मी इतक्या वेळा वाचली की मला उलटी म्हणता येईल. नर्सबाई मधून मधून यायच्या आणि सेंटिमीटर सांगून जायच्या. चार. चारच. सहा. दहा व्हावे लागतात, हे मला तिथंच कळलं. संध्याकाळी साडेचारला मुलगी झाली. 2 किलो 900 ग्रॅम. नर्सनं ती माझ्या हातात दिली, तेव्हा तिनं एक डोळा उघडून माझ्याकडं बघितलं आणि मिटला. पुण्याचा आहे हे तिनं ओळखलं असावं.

डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. हे ऐकून अण्णांना भरून आलं. "घरात बिनपाण्याचं चालणारं एक तरी माणूस आलं," म्हणाले. त्यांचा हा आनंद पहिल्या दिवसाचे लंगोट मोजेपर्यंत टिकला. अठरा. दुपटी वेगळी.

वाळत घालायची तेवढी चिंता नव्हती. मेमधल्या सोलापुरात दुपट्याचं दुसरं टोक दोरीवर टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असतं. शिवाय भेटायला येणारा प्रत्येक जण टॉवेल नाहीतर चादर घेऊन येत होता. सोलापूरकर दुसरं आणणार तरी काय? आतेसासूबाईंनी आणलेल्या चादरीत बाळ गुंडाळलं, तर ते नेमकं कुठल्या घडीत आहे ते चाचपून बघावं लागलं.

खरा छळ शेगडीचा. बाहेर 43 अंश, पत्रे तडतडतायत, आणि बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे, वर ओव्याची धुरी, पंखा बंद. का, तर वारं लागेल. डॉक्टरांनी पंखा लावा म्हणून सांगितलेलं मी धीर करून बोलून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं बाळंतपण झालंय का?" या युक्तिवादाला उत्तर नाही. डॉक्टर पुरुष होते. शेवटी तडजोड झाली, पंखा एकवर आणि तोंड भिंतीकडं.

मुलीनं मात्र रडायला भाषा ठेवली नव्हती. न्हाऊ घालणाऱ्या अम्मा तेलुगू. त्या पायांवर पालथी घालून तेल चोळत 'एडवकु, एडवकु' म्हणायच्या. समोरच्या काकू कानडीत 'अळबेडा' म्हणायच्या. आजी मराठीत. रडू नको हे तीन भाषांत ऐकून पोर तिन्ही भाषिकांना समान न्याय द्यायची. मी काही बोललो की सगळ्या मिळून 'तुम्ही राहू द्या' म्हणायच्या, एवढंच मराठीत.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि माझं पेन ठेवलं. झोपायचं नाही असा दंडक. तो आम्हाला नवा नव्हता, पाच दिवस कोण झोपलं होतं? सगळे पेंगत होते. मुलगी माझ्या खांद्यावर. आणि अंगणात नळ खाकरला.

पाच दिवस झाले होते, हे फक्त अण्णांच्या लक्षात होतं. ते पळाले, मागोमाग मी. मोटर लागली, पाईप हौदातून सुटून सापासारखा अंगणात उडायला लागला, मुलीनं त्याच मुहूर्तावर माझ्या पाठीवर कार्यक्रम उरकला, आणि अण्णा जिवाच्या आकांतानं ओरडले, "बघालास काय, पाईप धर की बे!"

मी धरला. सासूबाई दारात थिजून उभ्या. अण्णांच्या लक्षातही आलं नव्हतं. पहाटेपर्यंत आम्ही दोघांनी हौद, टाकी, बॅरल आणि बाळाचं घंगाळं भरलं.

सकाळी सासूबाई पाटावरचा कागद उचलायला गेल्या आणि त्यांनी मला हाक मारली. कागद कोरा नव्हता. त्यावर अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं : '2.40 ला आलं. 4.05 ला गेलं. प्रेशर बरं.'