आत्या, गोळ्या चालू ठेव. तो मेसेज डिलीट कर

सध्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर, मग तो कापसाच्या भावाचा असो की भजनी मंडळाचा, एक मेसेज फिरून राहिला आहे. मजकूर असा: सिझोफ्रेनिया मुळापासून बरा. अमेरिकेचं मॅग्नेट मशीन, फक्त १० सिटिंग. ना शॉक, ना गोळी, ना साईड इफेक्ट. अमेरिकन सरकारची मान्यता. नागपूरला जाणं जमत नसेल तर तेच काम करणारा चुंबकीय पट्टा घरपोच. डॉक्टर हे सांगणार नाहीत. दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल.

तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. मूतखडा, शुगर, टक्कल, सगळ्यांचे असले मेसेज येतात; मी उघडतही नाही. हा उघडावा लागला, कारण तो आत्याने पाठवला आणि पाठोपाठ फोन केला, "मंग आता त्याच्या गोया बंद करून टाकू काय रे?" आतेभावाला सिझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं असा मनाचा आजार. गोळ्या सुरू असल्या की तो कपाशीत डवरणी करतो, बाजार करून येतो, भाचीचा अभ्यास घेतो. गोळ्या नसल्या की काय होतं ते अख्ख्या गावाने पाहिलेलं आहे.

म्हणून "ना गोळी"पासूनच सुरुवात. बाकीचं खोटं एक वेळ परवडेल, हे परवडणार नाही. २०१२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात म्युनिकच्या स्टेफान लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी ६५ चाचण्यांचा हिशेब एकत्र मांडला. जवळपास साडेसहा हजार रुग्ण, सगळे गोळ्यांवर स्थिरावलेले. काहींचं औषध चालू ठेवलं, काहींना औषधाऐवजी नुसती दिसायला तशी गोळी दिली. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी शंभरात २७ जणांचा आजार पुन्हा उलटून आला. बंद झालेल्यांपैकी ६४ जणांचा. औषध घेऊनही २७ जणांना त्रास झालाच, हे मी लपवत नाही. पण २७ आणि ६४ मधला फरक ज्याला दिसत नाही, त्याने दुसऱ्याच्या पोराच्या गोळ्यांवर बोलू नये.

आणि खरी मेख पुढे आहे. गोळी बंद केली की दुसऱ्या दिवशी काही होत नाही. उलट पहिले काही दिवस माणूस बरा दिसतो. सुस्ती जाते, हाताचा कंप कमी होतो, लाळ गळायची थांबते. घरचे म्हणतात, पाहा, मशीन लागू पडली. त्याच आनंदात शेजाऱ्यांनाही मेसेज जातो. आजार डोकं वर काढतो तो कुठे काही आठवड्यांनी, कुठे काही महिन्यांनी, आणि तोवर गोळ्या कधी बंद केल्या हेच कोणाच्या ध्यानात नसतं. मग "बाहेरचं काही झालं", मग दर्गा, मग देवऋषी. काउंटरवर मला हे उलट्या बाजूने दिसतं. दर महिन्याला रिस्पेरिडोनची, म्हणजे याच आजाराच्या गोळ्यांची, पट्टी नेणारे काकाजी येईनासे होतात. मी समजतो दुसऱ्या दुकानातून नेत असतील. पुढे पोळ्याच्या सुमारास कोणीतरी सांगतं, त्यांच्या पोराला गोठ्यात साखळीने बांधलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ९५ व्या कलमाने साखळीने बांधणं सरळ बंद केलं आहे. पण बांधणारा बाप कायदा वाचून बांधत नाही, थकून बांधतो.

आता पट्टा. आत्याने फोटोही पाठवला होता: काळं वेल्क्रो, आत बटणाएवढे चुंबक शिवलेले. हाच पट्टा आमच्या आठवडी बाजारात गुडघेदुखीसाठी विकतात, फक्त डब्यावरचं चित्र वेगळं. खरं यंत्र इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांच्या गटाने १९८५ साली दाखवलं. त्यात डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात आणि त्यातून क्षणार्धात मोठा प्रवाह सोडतात. चुंबकीय क्षेत्र झटक्यात उठतं आणि पडतं, त्या चढउतारामुळे मेंदूच्या वरच्या थरात वीज निर्माण होते. किती जोर लावायचा हे ठरवताना डॉक्टर रुग्णाचा अंगठा उडतो का ते पाहतात. म्हणजे सगळी करामत बदलत्या चुंबकाची. सायकलचा डायनॅमो आठवा: चाक फिरलं तर दिवा लागतो, सायकल स्टँडवर उभी करून रात्रभर बसलात तरी लागत नाही. पट्ट्यातले चुंबक जन्मभर स्टँडवरच. डोक्याला बांधा नाहीतर म्हशीच्या शिंगाला, फरक शून्य.

मग मशीन तरी खरी ना, असं आत्याने विचारलंच. हो बाप्पा, खरी आहे, आणि इथे मला थोडं मान्य करावं लागतं. कानात आवाज येणं हा या आजाराचा फार छळणारा भाग. डाव्या कानाच्या वर-मागे, ऐकलेल्या बोलण्याशी संबंध असलेल्या भागावर सेकंदाला एक असे संथ ठोके दिले तर आवाज कमी होतात का, हे अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या राल्फ हॉफमन यांनी तपासलं. २००० साली त्यांनी १२ रुग्णांवरचे निकाल छापले, आणि ते आशादायक होते. त्यानंतर बऱ्याच चाचण्या झाल्या. काहींत आवाज कमी झाले, काहींत तुलनेसाठी लावलेल्या नुसत्या दिखाव्याच्या मशीनइतकाच फरक पडला. २०१५ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, ४१ चाचण्या आणि १,४७३ रुग्ण तपासून सांगितलं की उपयोग आहे किंवा नाही, ठामपणे काहीच म्हणता येईल इतका पुरावा नाही. गोळ्यांनी न जाणाऱ्या आवाजांसाठी एखादा मानसोपचारतज्ज्ञ हा उपाय सुचवत असेल तर तो थापाड्या नव्हे. पण या चाचण्यांतले बहुतेक रुग्ण सोबत गोळ्या घेतच होते. "मुळापासून"चा तर पत्ताच नाही.

अमेरिकन मान्यता? आहे, पण दुसऱ्याच आजारांना. २००८ मध्ये नैराश्यासाठी, २०१८ मध्ये ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याचा आजार), २०२० मध्ये सिगारेट सोडण्यासाठी. सिझोफ्रेनियासाठी नाही. साईड इफेक्ट शून्य हेही खोटं: डोकं दुखतं, क्वचित फिटही येते, आणि डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट असेल तर डॉक्टर हे यंत्र बहुधा लावतच नाहीत. शॉकची भीती घालायचीही गरज नव्हती. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्याला वर सांगितलेल्याच कलमाने मनाई आहे.

डॉक्टर सांगणार नाहीत म्हणे! विचारलं तर सांगतात. गोळ्यांनी वजन वाढतं, झोप येते, हे मलाही मान्य, आणि आतेभावाची तक्रार तीच आहे. त्यावर डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. रोज गोळी गिळायचा कंटाळा असेल तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. दोन औषधं नीट घेऊनही गुण नसेल तर क्लोझापिन आहे, फक्त रक्त तपासत राहावं लागतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथवर जाणं होत नसेल तर मानसिक त्रासासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट लागतो आणि मराठीत बोलतो. आत्याला तो मी फोनमध्ये सेव्ह करून दिला.

राहिला पट्टेवाला. औषधं व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे आणि त्याच्या यादीत मेंदूचे विकार नाव घेऊन लिहिलेले आहेत. म्हणजे ती जाहिरातच गुन्हा. मेसेजखालच्या नंबरवर मी फोन लावला आणि पक्कं बिल मिळेल का एवढंच विचारलं. समोरून फोन कट. स्क्रीनशॉट आता अन्न व औषध प्रशासनाकडे पाठवतो आहे. तुमच्या ग्रुपवर आला असेल तर तुमचाही पाठवा, नंबर दिसेल असा.