रात्री एकचं रीडिंग

महाराष्ट्रात दरवर्षी १६ ते २२ मार्च जलजागृती सप्ताह असतो. कंपन्यांतही शपथा होतात, बेसिनवर स्टिकर लागतात आणि मे महिन्यात गेटवर टँकर उभे राहायचे ते राहतातच. मग वाद रंगतो: लोकांना पाण्याची किंमत नाही, की पालिकेचं नियोजन नाही? सिंगापुरात बसून हा वाद वाचताना एकच खटकतं, आकडा कुणाकडेच नसतो.

इथे वर्षाला ६०,००० घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी वापरणाऱ्या संस्थांना २०१५पासून कुठलीच सबब चालत नाही. मुख्य वापराच्या जागी स्वतंत्र मीटर लावायचे आणि पाण्याचा ताळेबंद व बचतीचा आराखडा पीयूबी या सरकारी जलसंस्थेला दरवर्षी द्यायचा. यात सिंगापूरकरांचं पुण्य फारसं नाही. मलेशियातल्या जोहोरहून पाणी आणण्याचा करार २०६१मध्ये संपतोय, आणि एप्रिल २०२५पासून घनमीटरला ३.२४ सिंगापूर डॉलर पडतात.

हीच पद्धत उचलून हिंजवडीत किंवा चाकणला लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. इथे एक पुरवठादार, एक बिल. तिकडे एमआयडीसी, बोअर आणि टँकर अशा तीन वाटांनी पाणी येतं आणि चोख बिल पहिल्याचंच असतं. म्हणून सुरुवात बोअरच्या डिलिव्हरी पाइपवर मीटर बसवून करावी. टँकर तर टाकीतच मोजावा. जमिनीखालची टाकी आतून ४ बाय ५ मीटर असेल, तर पंप आणि बाकीची आवक बंद असताना दहा हजार लिटरच्या टँकरने पातळी बरोबर ५० सेंटिमीटर चढायला हवी. ४३च चढली, तर १,४०० लिटर कागदावरच आले.

मग रात्र. शेवटची पाळी सुटल्यावर, कूलिंग टॉवर (एसी यंत्रणेचं गरम पाणी गार करणारा मनोरा) बंद असताना, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइनचं मीटर रात्री एकला आणि पहाटे पाचला वाचायचं. फरक शून्याच्या आसपास हवा. ४०० लिटर निघाले, तर तासाला १०० लिटर गळतंय, म्हणजे महिन्याला सातेक टँकर. बहुतेक वेळा चोर फ्लशच्या टाकीत सापडतो: आत खायचा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला की वॉशर गेला.

खरी कमाई मात्र कूलिंग टॉवरमध्ये आहे, आणि तिकडे कुणी स्टिकर लावत नाही. १०० टन गारव्याच्या क्षमतेचा वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे टॉवरच्या पाण्यावर चालणारं थंडाव्याचं यंत्र, पूर्ण भारावर असला, की तासाला साधारण ६५० लिटर पाण्याची वाफ होते. ती टळत नाही. क्षार साचू नयेत म्हणून जे पाणी सोडून द्यावं लागतं, ते मात्र आपल्या हातात असतं. क्षार येणाऱ्या पाण्याच्या तिप्पट झाल्यावर सोडलं तर तासाला ३२५ लिटर जातात, सहापट होऊ दिले तर १३०. दहा तासांत जवळजवळ दोन हजार लिटर वाचले. पण क्षार मोजून पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कंडक्टिव्हिटी प्रोबवर शेवाळ चढलं, की तो क्षार कमी दाखवतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही, चिलरच्या कंडेन्सरच्या नळ्यांत क्षारांचा थर धरतो, उष्णता नीट बाहेर पडत नाही आणि वाचलेलं पाणी विजेच्या बिलातून वसूल होतं. बोअरचं पाणी जड असेल तर आधी तपासून घ्या, सहापट झेपेलच असं नाही. टॉवरमधली पाण्याची पातळी राखणारा फ्लोट व्हॉल्व्ह जास्त वर बसवलेला असेल, तर ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी गुपचूप गटारात जात राहतं.

हे काम मेंटेनन्सच्या अशा माणसाकडे हवं, ज्याच्या सहीने मीटर आणि व्हॉल्व्ह येतात. एचआरकडे दिलंत तर पुन्हा शपथच होईल. नळाच्या तोंडावरच्या, पाण्यात हवा मिसळणाऱ्या जाळीचं, म्हणजे एरेटरचंही तसंच: टँकरच्या रेतीने जाळी काही आठवड्यांत तुंबते, सफाईवाला वैतागून काढून ठेवतो, आणि ती परत बसत नाही. महिन्यातून एकदा जाळ्या काढून रेती धुवायची आणि क्षारासाठी व्हिनेगरमध्ये भिजवायच्या, हे त्याच्या कंत्राटातच लिहा.